घड्याळ, दोन शमादानं आणि पाऱ्याचा मुलामा

लिलावाच्या यादीत त्या संचाची ओळख जेमतेम दोन ओळींत उरकली होती: सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं घड्याळ, जोडीला पाच-पाच फांद्यांची दोन शमादानं (मेणबत्त्या लावायचे उभे दिवे), सोळाव्या लुईची शैली, तिसऱ्या नेपोलियनचा काळ. पॅरिसमध्ये जुन्या वस्तू घ्यायच्या असतील तर हे शेवटचे शब्द बोट ठेवून वाचावे लागतात. इथे 'काळ' आणि 'शैली' यांना कायद्याचं वजन आहे. १९८१च्या सरकारी आदेशानुसार विक्रेत्याने 'अमुक काळातलं' असं लिहिलं की वस्तू खरोखर त्या काळात बनल्याची हमी त्याने दिली असं धरतात. नुसतं 'अमुक शैलीचं' लिहिलं तर तशी हमी नसते. म्हणजे या घड्याळाचं रूप सोळाव्या लुईच्या दरबारातलं, पण जन्म तिसऱ्या नेपोलियनच्या, म्हणजे १८५२ ते १८७० या दुसऱ्या साम्राज्याच्या वर्षांतला.

त्यामुळे ते नकली ठरतं असं मला मुळीच वाटत नाही. सोळावा लुई गादीवर आला १७७४ साली, आणि १७९२ मध्ये राजेशाहीच गेली. पुढे साठ-सत्तर वर्षांनी तिसऱ्या नेपोलियनची पत्नी, सम्राज्ञी युजेनी, हिला सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्याबद्दल विलक्षण ओढ वाटू लागली. १८६७ साली तिने व्हर्सायच्या प्ती त्रियानाँ महालात त्या राणीच्या आठवणींचं प्रदर्शन भरवलं. सम्राज्ञीची आवड ती श्रीमंतांची आवड झाली. त्याच सुमारास सम्राटाचा प्रशासक ओसमान पॅरिसचे जुने मोहल्ले पाडून रुंद रस्ते काढत होता, आणि त्या रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत दिवाणखाना म्हटला की संगमरवरी शेकोटी आणि तिच्यावर उंच आरसा ठरलेला. शेकोटीवरच्या फळीवर मधोमध घड्याळ आणि दोन्ही टोकांना शमादानं मांडायची. हा तीन वस्तूंचा संच त्या जागेसाठीच घडवला जायचा.

आम्ही राहतो ती इमारत त्याच पठडीतली. धुराडं कधीच बुजवलंय, ऊब आता रेडिएटरमधून येते, पण संगमरवरी फळी आणि आरसा जागच्या जागी आहेत. मी पुण्यात धातुशास्त्र शिकले आणि इथेही मिश्रधातूंवरच काम करते. त्यामुळे कुठलीही ब्राँझची वस्तू दिसली की माझं लक्ष आधी धातूकडे जातं. ती कशी ओतली असेल, सांधे कुठे असतील, वरचं सोनं कसं चढवलं असेल, हे प्रश्न सुटेपर्यंत चैन पडत नाही.

लिलाव ओतेल द्रुओमध्ये होता. नवव्या प्रभागातली ही जागा १८५२ पासून लिलावांचं घर आहे, इमारत मात्र नंतर नव्याने बांधलेली. एकाच छपराखाली अनेक दालनं, आणि प्रत्येक दालनात वेगळी विक्री चालू असते. आदल्या दिवशी सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत माल मांडून ठेवतात. कुणीही आत जावं, तिकीट नाही, ओळख लागत नाही. मदतनिसाला विनंती केली तर तो वस्तू हातात देतो, उलटी करून दाखवतो. संग्रहालयात काचेआड ठेवतात त्या जातीची वस्तू इथे बोटांनी चाचपता येते. पॅरिसमधली ही माझी सर्वांत आवडती जागा आहे.

घड्याळाच्या माथ्यावर फुलांच्या माळांनी वेढलेला कलश, तबकडीच्या दोन बाजूंना दोन बाळं. एक पुस्तकात डोकं घालून बसलेलं, दुसऱ्याच्या हातात कंपास. तबकडीवर बारा पांढरे मिन्याचे तुकडे बसवलेले आणि त्यांवर निळे रोमन आकडे. शमादानांवरही एकेक बाळ, खांद्यावर शिंग घेतलेलं, आणि त्या शिंगातून पाच फांद्या फुटलेल्या.

पहिली शंका धातूबद्दल होती. १९व्या शतकात स्वस्त संच जस्ताच्या मिश्रधातूत ओतून वरून सोनेरी करत. लांबून फरक कळत नाही. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, कारण तो ब्राँझलाही चिकटत नाही आणि जस्तालाही. उपयोगी पडतं ते वजन, नखाने टिचकी मारल्यावर येणारा नाद, आणि बैठकीच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथला एखादा जुना ओरखडा. जस्त असेल तर ओरखडा राखाडी-पांढरा दिसतो. इथला पिवळा होता. घड्याळाच्या माळेवर टिचकी मारली तर बारीक नाद घुमला.

दुसरी शंका अशी की या तीन वस्तू मुळात एकमेकींच्या आहेत का. घड्याळ एका घरातलं, शमादानं दुसऱ्या घरातली, आणि मधल्या कुणीतरी त्यांचं लग्न लावून दिलेलं, असं या व्यापारात नेहमी घडतं. मी तिन्ही बैठकांवरची पानांची किनार शेजारी शेजारी धरून पाहिली. ओतीव कामानंतर छिन्नीने रेषा उठवणाऱ्या कारागिराचा हात प्रत्येकाचा वेगळा असतो. इथे पानाच्या शिरा तिन्ही ठिकाणी सारख्याच खोलीच्या, सारख्याच जागी संपणाऱ्या. शिवाय शमादानांवरची दोन्ही बाळं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं होती: एकाचं तोंड उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे, म्हणजे फळीवर मांडल्यावर दोघंही घड्याळाकडे पाहणार. पाठीही नीट कोरलेल्या होत्या. आरशासमोर ठेवायच्या वस्तूची पाठ दिसतेच, आणि चांगला कारखानदार तिथे कुचराई करत नाही.

उणिवाही होत्या. एका शमादानाच्या खोडात वीज आली त्या काळात कुणीतरी वायरसाठी भोक पाडलं होतं. वितळलेलं मेण झेलणाऱ्या दहा वाट्यांपैकी तीन गायब होत्या. घड्याळ बंद होतं. सगळ्यावर मेण, काजळी आणि तंबाखूच्या धुराचा तपकिरी थर चढला होता. खोलीत नजर टाकून लोक पुढे जात होते ते त्या थरामुळे.

मी मात्र आतली बाजू पाहायला मागितली. सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या मदतीने चढवलाय की विजेच्या, याचं उत्तर आत असतं. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि लवकरच क्रिस्तोफ्ल यांनी तो फ्रान्समध्ये रुजवला. विजेच्या द्रावणात वस्तू बुडवली की सोनं आत-बाहेर सगळीकडे बसतं. पाऱ्याचा मुलामा ब्रशने लावायचा असतो, आणि सोनं महाग, त्यामुळे कारागीर ते दिसणाऱ्या भागापुरतंच लावतो. आतली बाजू उघडी, काळपट ब्राँझची राहते आणि कडेवर ब्रशचे ओघळ आत वळलेले सापडतात. टॉर्चच्या उजेडात कलशाच्या आत मला नेमकं तेच दिसलं. काळपट ब्राँझ आणि काठावरून आत उतरून थांबलेले सोनेरी फराटे. दीडशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हाताने ब्रश तिथे थांबवला होता. त्या क्षणी मी संच घ्यायचं ठरवलं.

या मुलाम्याबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण पुढे मी जे केलं आणि जे करू दिलं नाही, ते सगळं त्यावरून ठरलं.

सोन्याचे पातळ तुकडे गरम पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करत. जास्तीचा पारा मऊ कातड्यातून पिळून काढत. ब्राँझ आम्लाने स्वच्छ करून त्यावर आधी पाऱ्याच्या नायट्रेटचा हात फिरवत, म्हणजे लगदा धरतो. मग पितळी तारांच्या ब्रशने लगदा पसरवून वस्तू कोळशाच्या निखाऱ्यावर धरायची. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. तो वाफ होऊन उडून जातो आणि सोनं ब्राँझमध्ये मुरून बसतं. जाड थर हवा असेल तर हे पुन्हा पुन्हा करायचं. शेवटी काही भाग अकीक किंवा हेमॅटाइटच्या दगडाने घोटून आरशासारखे चकचकीत करायचे आणि काही भाग क्षारांचा लेप देऊन, तापवून, थंड पाण्यात बुडवून मंद ठेवायचे. हे मंद सोनं १८व्या शतकात पिएर गुतिएरने कीर्तीला नेलं. दरबारासाठी राबलेला तो कारागीर १८१३ मध्ये गरिबीत वारला. आमच्या घड्याळावरही बाळांची अंगं मंद आहेत आणि कलशाच्या कडा घोटलेल्या. सगळी शोभा त्या दोन पोतांच्या फरकात आहे.

उडालेला पारा कारागिराच्या छातीत जायचा. हात थरथरायचे, हिरड्या सडायच्या, दात पडायचे, तरुण वयात माणसं निकामी व्हायची. आंत्वान-आंद्रे राव्हरियो हा पॅरिसचा नावाजलेला ब्राँझ-कारखानदार १८१४ मध्ये वारला. मुलामा देणाऱ्यांना या वाफेपासून वाचवायचा मार्ग जो शोधेल त्याला बक्षीस द्यावं म्हणून त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँक ठेवले होते. ते मिळाले रसायनशास्त्रज्ञ दार्से यांना, वाफ धुराड्यातून खेचून नेणाऱ्या भट्टीबद्दल. १८१८ मध्ये त्यांनी त्यावर प्रबंधही लिहिला. पण चांगली भट्टी उपलब्ध झाली म्हणून ती प्रत्येक कारखान्यात आली असं नाही. मी प्रयोगशाळेत पाऱ्याचा एक थेंब सांडला तरी खोली रिकामी करणाऱ्या पिढीतली आहे. ही माणसं त्यावर वाकून बसायची.

लिलावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमची पाळी आली, बोली सुरू झाली, समोर एक दुकानदार होता, तो थांबला, हातोडा पडला. अशा अवजड, सोनेरी संचांना हल्ली तरुण घरांत जागा नाही, म्हणून किंमत माझ्या आवाक्यात राहिली. नवख्यांसाठी एकच सांगते. हातोड्याच्या किमतीवर लिलावगृहाचं शुल्क चढतं, आणि ते थोडंथोडकं नसतं. आपली मर्यादा ते धरून ठरवावी आणि कागदावर लिहून खिशात ठेवावी.

दुरुस्तीसाठी आधी एका कार्यशाळेत चौकशी केली. नाव देत नाही. त्यांचा प्रस्ताव होता की तिन्ही वस्तू आम्लात साफ करून विजेने नवा मुलामा द्यावा, सगळं एकसारखं झळकेल, वायरचं भोकही झाकलं जाईल. कामात ते सराईत होते आणि दरही वाजवी होता. मी नको म्हटलं. मंद आणि घोटलेल्या भागांतला फरक त्या द्रावणात बुडून गेला असता, कलशाच्या आतले फराटे गेले असते. ज्या सोन्यासाठी माणसांनी आपली फुप्फुसं दिली ते खरवडून काढायचं आणि वर अतिशय पातळ चकचकीत थर चढवायचा, याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

मग ओळखीतून एक वयस्क घड्याळजी मिळाले. त्यांनी पहिल्याच भेटीत अट घातली: यंत्र मी पाहीन, सोन्याला मी हात लावणार नाही, ते तुम्ही करा, पण मी सांगतो तसंच करा. मला यापेक्षा चांगली अट सुचली नसती. मी त्यांना 'मस्यू' म्हणत होते, ते मला शेवटपर्यंत 'मादाम' म्हणत राहिले.

यंत्र बाहेर काढायला मागच्या बाजूचे दोन लांब स्क्रू सोडवावे लागतात. मागची कडी सुटली की तबकडीसकट गोल यंत्र पुढून हातात येतं. मागच्या पत्र्यावर शिक्का होता: जापी बंधू, १८५५च्या प्रदर्शनाचं मोठं मानपदक. म्हणजे यंत्र १८५५ नंतरचं, हे पक्कं झालं. जापींचा कारखाना फ्रान्सच्या पूर्वेकडे बोकूर गावी. तिथे १८व्या शतकाच्या शेवटापासून यंत्रांच्या मदतीने घड्याळाचे भाग घाऊक बनत. पॅरिसचा ब्राँझवाला तिथलं यंत्र आणून आपल्या सोनेरी घरात बसवायचा. म्हणून अशा घड्याळावर ज्याचं नाव असतं त्याने सगळं घड्याळ घडवलेलं असतं असं समजू नये. शिक्क्याच्या खाली बारीक आकडे होते, ५ आणि ४. मस्यूंनी सांगितलं की ही लंबकाची लांबी, जुन्या फ्रेंच मापात पाच इंच चार रेषा (रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग). मेट्रिक पद्धत फ्रान्सनेच जगाला दिली, आणि घड्याळजी मात्र लंबक राजेशाहीच्या इंचांत मोजत राहिले! यंत्रावरचा क्रमांक लंबकाच्या गोळ्यावरही कोरलेला होता. लंबक मूळचाच निघाला, याचा आनंद आम्हा दोघांना सारखाच झाला.

स्प्रिंगचा ताण आधी उतरवला. ताणलेली स्प्रिंग असताना चाकं सुटी केली तर दातेच तुटतात, म्हणून ते काम त्यांनी स्वतः, हात घट्ट धरून केलं. मग चाकं, पत्रे, स्प्रिंगची पिंपं सगळं स्वच्छ झालं. आसांची भोकं लाकडाच्या टोकदार काड्यांनी, काडीवर काळं येणं थांबेपर्यंत फिरवून साफ केली. एक-दोन भोकं लंबगोल झिजली होती. तिथे पितळेच्या बारीक चकत्या बसवल्या. जुनं तेल घट्ट होऊन डिंकासारखं झालं होतं आणि घड्याळ बंद पडण्याचं खरं कारण तेच होतं.

ठोक्यांची व्यवस्था मला सर्वांत आवडली. मागच्या बाजूला एक चाक असतं, त्याच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा. दर तासाला तितके ठोके आणि दर अर्ध्या तासाला एक. बारा तासांत एकूण ९०. चाक फक्त क्रमाने पुढे जातं, काटे कुठे आहेत हे त्याला कळत नाही. म्हणून काटे पुढे नेताना प्रत्येक अर्ध्या तासाला थांबून ठोके पुरे होऊ द्यायचे, आणि मागे फिरवायचे नाहीत. असं घड्याळ ज्याच्या घरी असेल त्याने हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं.

यंत्र मस्यूंकडे असताना मी सोन्याकडे वळले. आईला फोनवर फोटो पाठवले तर ती लगेच म्हणाली, "अगं, चिंच लाव, लख्ख निघेल." आपल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना ती गोष्ट खरीच लागू आहे. पण चिंच म्हणजे आम्ल, आणि कुठलीही घासायची पूड म्हणजे अपघर्षक. मुलाम्याच्या थराला दोन्ही चालत नाहीत. मी तिला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग देवघरातल्या मुलामा दिलेल्या प्रभावळीचं काय करायचं?" ती प्रभावळ आता फक्त मऊ फडक्याने पुसली जाते.

मी केलं ते असं. तिन्ही वस्तूंचे भाग सुटे केले, प्रत्येक नट कुठला हे चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवला. जुने आटे हाताने बनवलेले असतात, एकाचा नट दुसऱ्याला नीट बसत नाही. मेण केसांच्या ड्रायरच्या मंद उबेने मऊ करून कापसाने टिपलं. उरलेला तेलकट थर व्हाइट स्पिरिट या द्रावकाने उतरवला, खिडक्या उघड्या ठेवून. मग ऊर्ध्वपातित पाणी, त्यात उदासीन (ना आम्ल, ना अल्कली) साबणाचे थोडे थेंब, कापूस गुंडाळलेली काडी, आणि एका वेळी अंगठ्याएवढा भाग. कापूस फिरवायचा, घासायचा नाही. लगेच स्वच्छ पाण्याने पुसायचं आणि कोरडं करायचं, सांध्यात पाणी राहू द्यायचं नाही. काम फार हळू चालतं, पण तपकिरी थराखालून बाळाचा गाल वर येतो तेव्हा काडी खाली ठेवावीशी वाटत नाही. मंद सोन्याचा रंग फोटोत येत नाही. तो पिवळा नसून थोडा लालसर, आतून उजेड यावा तसा असतो. काही उंच भागांवर, गुडघ्यावर, माळेच्या फुगवट्यावर, सोनं झिजून ब्राँझ डोकावतंय. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी धूळ पुसल्याची ती खूण. ती तशीच ठेवली.

यंत्र परत बसवायला मस्यू घरी आले. लंबक काढून वेगळा आणला होता. लंबक लटकत ठेवून घड्याळ हलवलं तर टांगणीची पातळ पट्टी मोडते. फळी सपाट आहे का ते पाहिलं, लंबक लावला, आणि मग आम्ही दोघं डोळे मिटून ऐकत राहिलो. टिक आणि टकमधलं अंतर सारखं हवं. लंगडत चालणारं घड्याळ काही वेळाने थांबतंच. लंबकाला ढकलणारी दांडी त्यांनी केसाएवढी वाकवली, पुन्हा ऐकलं, पुन्हा वाकवली. चाल सरळ झाली तसे ते काही न बोलता कोट घालू लागले.

वेगाचं नियंत्रण माझ्याकडे सोपवलं. बाराच्या आकड्याच्या वर एक इवलासा चौकोनी दांडा आहे. चावीचं एक टोक मोठं, ते चावी द्यायला, दुसरं बारीक, ते या दांड्यासाठी. तो फिरवला की टांगणीची पट्टी लांब किंवा आखूड होते आणि घड्याळ हळू किंवा जलद चालतं. ही आशिल ब्रोको यांची युक्ती, १९व्या शतकाच्या मध्यावरची, आणि अजून एक मिलिमीटरही बदलायची गरज पडलेली नाही. किंचित फिरवायचं, आठवडाभर थांबायचं, मग पुन्हा पाहायचं. ठरलेल्या दिवशी चावी देते. उजवीकडचं भोक चालीचं, डावीकडचं ठोक्यांचं.

राहिल्या तीन वाट्या आणि ते वायरचं भोक. भोक तसंच आहे. तो त्या शमादानाच्या आयुष्याचा भाग आहे आणि फळीवर ते मागच्या बाजूला येतं. वाट्यांशिवाय मात्र मेणबत्त्या लावता येत नव्हत्या. एका ओतकाम करणाऱ्या कारागिराने मूळ वाटीचा साचा घेऊन तीन नव्या ओतून दिल्या. त्यांना विजेचा पातळ मुलामा दिला आहे, रंग जवळपास जुळतो, पूर्ण जुळत नाही, आणि तो पूर्ण जुळवू नये असं मीच सांगितलं होतं. प्रत्येक नव्या वाटीच्या तळाशी ओतल्याचं वर्ष कोरून घेतलं आहे. उद्या हा संच पुन्हा द्रुओच्या टेबलावर आला तर उलटा करून पाहणाऱ्याला त्या तीन वाट्या कुठल्या ते लगेच कळेल.